तीन दाब, एक हाक

एप्रिल २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने एक छोटी नियमावली काढली. विषय एवढाच, की मोबाइल फोनमध्ये पॅनिक बटण आणि जीपीएस असलंच पाहिजे. १ जानेवारी २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून मदतीचा कॉल लागला पाहिजे. स्मार्टफोनवर आणीबाणीचं बटण बराच वेळ दाबून धरावं, किंवा फोनला मुळात असलेलं चालू-बंदचं बटण लागोपाठ तीन वेळा झटपट दाबावं. उपग्रहावरून ठिकाण कळण्याची सोय त्यानंतर वर्षभराने, १ जानेवारी २०१८ पासून सक्तीची.

सरकारी नियम चवीने वाचायची आपल्याला सवय नाही. पण हा नियम वाचावा असा आहे. मोबाइल ॲप लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे मी तो अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी त्यात काहीतरी नवं दिसलं आहे.

आधी ५ घ्या. साध्या फोनच्या कळपट्टीवर ५ च्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. अंधारात, खिशात किंवा पदराखाली अंगठा फिरवला तरी तो हाताला लागतो, आणि दृष्टिहीन माणूस तर त्याच्यावरूनच बाकीचे आकडे शोधतो. मदतीची कळ ५ वर ठेवली की फोनकडे न बघता मदत मागता येते. स्मार्टफोनला कळपट्टी नाही, म्हणून तिथे नियमाने कडेचं पॉवर बटण धरलं. तेही हाताला लागतं. कंपन्यांनी नवं लाल बटण बसवावं असं नियम म्हणत नाही. तसं म्हटलं असतं तर फोन महाग झाला असता, वेळ गेला असता, आणि हल्ला करणाऱ्यालाही ते बटण ओळखता आलं असतं. जे बटण प्रत्येक फोनला आहे आणि दिवसातून शंभरदा दाबलं जातं, त्यालाच एक दुसरं काम दिलं. नियमाचं खरं सौंदर्य मला इथे वाटतं.

मग तीन. एक दाब रोजच्या वापराचा आहे, पडदा उघडतो नाहीतर मिटतो. दोन दाब चुकून होतात. मिटवलेला पडदा लगेच पुन्हा उघडायची सवय सगळ्यांनाच आहे. तिसरा दाब मात्र सहसा ठरवल्याशिवाय होत नाही. तबल्याची तिहाई ऐकताना तिसऱ्या खेपेला जशी खात्री पटते की आता सम येणार, तशी ही तीनची रचना आहे. माणसाचा हेतू आणि बोटाचा अपघात यांच्यामधली रेषा तिने तिसऱ्या दाबावर आखली. ती पुरेशी पक्की आहे का, हा प्रश्न पुढे येईलच.

मी राहतो ते सोनिवली बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीच्या खोऱ्यात. इथला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना बटणाची महती वेगळी सांगायला नको. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो, आणि २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली तेव्हा हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा पावसात काचेचा पडदा दगा देतो. तो बोटाचा स्पर्श विद्युतभारातल्या बदलावरून ओळखतो, आणि पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो. ओल्या बोटाने कुलूप उघडत नाही, आकडा भलताच लागतो. कडेच्या बटणाखाली मात्र पत्र्याची एक इवलीशी घुमटी असते. ती दबली की संपर्क जुळतो, सोडली की तुटतो. बोट ओलं असो वा थरथरतं, तिला फरक पडत नाही. रात्रीच्या कर्जत लोकलने उतरून एका हातात छत्री, खांद्यावर पिशवी अशी घराकडे निघालेली परिचारिका किंवा दुकानात काम करणारी मुलगी, हिच्यासाठी फोनचा सगळ्यात भरवशाचा भाग हाच.

नियम इतका सुंदर, पण तो फोनमध्ये उतरतो कसा? अँड्रॉइडचा मूळ कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे. त्यात 'जेश्चर लाँचर सर्व्हिस' नावाची एक फाइल आहे. पॉवर बटणाचे दाब मोजण्याचं काम तिथे चालतं. कोड कसा वाचायचा हे नव्या मुलांना शिकवताना मी हीच फाइल उघडतो.

तिच्यात दोन मोजणारे आहेत. पहिला कडक. आधीच्या दाबानंतर ३०० मिलिसेकंदांच्या आत पुढचा दाब आला तरच तो आकडा वाढवतो, उशीर झाला की पुन्हा एकपासून सुरुवात. दुसरा सैल; तो ५०० मिलिसेकंदांपर्यंत वाट पाहतो. कृती पहिल्याच्या आकड्यावर होते. दुसरा काहीच सुरू करत नाही, माणसं बटण कशा लयीत दाबतात याची फक्त नोंद ठेवतो. मला हा दुसरा मोजणारा फार आवडतो. आपण ठरवलेली ३०० ची मर्यादा सगळ्या बोटांना झेपते का, ही शंका लिहिणाऱ्याने स्वतःच्या कोडमध्येच जिवंत ठेवली आहे. म्हाताऱ्या माणसाचा, संधिवात असलेल्या हाताचा विचार करायला जागा ठेवली आहे.

आता इतर ओळी. बटण दाबून धरलं तर यंत्रणेकडून त्याच बटणाची आणखी एक 'दाबलं' अशी वर्दी येते. ती मोजली तर एका लांब दाबाचे दोन दाब होतील, म्हणून ती वेगळी ओळखून सोडून दिली आहे. मग आणखी एक बारीक गोष्ट. पाच दाब (पाच का, ते पुढे येईल) माणसाच्या बोटाला शक्यच नाही इतक्या कमी वेळात आले, तर ते मदतीचे मानायचे नाहीत. घुमटी खराब झाली किंवा बटण कशात अडकून थरथरलं तर असे दाब येतात. म्हणजे हा कोड फार हळू दाबणाऱ्याला ओळखतो आणि फार जलद दाबालाही. मधल्या पट्ट्यात जो उरतो तो माणूस.

यातली सर्वांत करुणेची ओळ शेवटची. मदतीची खूण एकदा ओळखली गेली की त्यानंतर साधारण तीन सेकंद पॉवर बटणाकडे लक्षच द्यायचं नाही. का? घाबरलेला माणूस मोजत बसत नाही. पाच झाले, आता थांबू, असं त्याचं बोट म्हणत नाही. ते दाबतच राहतं. सहाव्या दाबाने पडदा मिटला किंवा आत्ताच सुरू झालेली मदतीची प्रक्रिया गुंडाळली गेली तर सगळंच फुकट. लिहिणाऱ्याने त्या क्षणीचं बोट डोळ्यांसमोर आणलं आणि त्याला तीन सेकंदांची सवलत दिली. चांगल्या लेखनात आपण ज्याला औचित्य म्हणतो ते हेच.

इथे पाच म्हटलं, कारण अँड्रॉइड १२ पासून गूगलने आणीबाणीची खूण पाच दाबांची ठेवली. दोन दाबांवर कॅमेरा आधीच ठाण मांडून बसला होता, आणि पाचाकडे जाताना दोन हा टप्पा लागतोच. म्हणून दुसऱ्या झटपट दाबानंतर यंत्रणा बटण आपल्या ताब्यात घेते, म्हणजे कॅमेरा आणि मदत यांच्यामध्ये कुलपाच्या पडद्याची ये-जा होत नाही. तरीही पाचसुद्धा पुरले नाहीत. २०२३ च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या पोलिसांनी जाहीरपणे सांगितलं, की ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकावर मुक्या कॉलचा पूर आला आहे आणि अँड्रॉइडची ही सोय त्याचं एक कारण आहे. फोन खिशात, पर्समध्ये, सायकलच्या पकडीत दाबला जात होता. बदलापूरहून सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. दरवाजात उभं राहिलं की शेजाऱ्याच्या डब्याची कड बरोबर आपल्या खिशातल्या बटणावर येते.

मग आपल्या नियमाचे तीन कमी का? माझं मत असं, की तीन बरोबर आहेत, पण त्यांच्यामागे रद्द करायची ठळक वाट हवी: मोठ्या आवाजाची उलटी मोजणी, हाताला जाणवेल अशी थरथर. खोटा कॉल थांबवता येतो. न लागलेला कॉल परत मिळत नाही. ॲपलनेही भारतापुरता हा आकडा मानला. आयफोन ७ आणि त्याआधीच्या मॉडेलांवर जगभर पाच दाब लागतात, भारतात तीन.

इथवर यंत्रणेच्या आतलं झालं. आता बाहेरून, ॲप लिहिणाऱ्याच्या बाजूने बघू. कारण खरा ताण तिथे आहे.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक बटणाला एक आकडा आहे. होमला ३, बॅकला ४, आवाज वाढवायला २४, कमी करायला २५, पॉवरला २६. ॲप पडद्यावर समोर उघडं असेल तर २४ आणि २५ त्याला ऐकू येतात. २६ कधीच येत नाही. दाबांची रांग लागते आणि त्यातून ते ॲपांना वाटले जातात. पॉवरचा दाब त्या रांगेत लागण्याआधीच यंत्रणा उचलून घेते. मग ॲपच्या हाती काय? फक्त सावली. पडदा मिटला, पडदा उघडला, अशा दोन घोषणा यंत्रणा करते. मिटला, उघडला, मिटला असं दोन-तीन सेकंदांत झालं, तर कोणीतरी तीनदा बटण दाबलं असावं असा तर्क ॲपला बांधावा लागतो. बाजारातली कित्येक महिला-सुरक्षा ॲपं याच तर्कावर उभी आहेत.

तर्क सुबक आहे, पण सावली ती सावलीच. वेळ संपली म्हणून पडदा आपोआप मिटतो, काचेवर दोनदा टिचकी मारली की उघडतो. ॲपला हे सगळं सारखंच दिसतं. नव्या अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या झटपट दाबानंतर यंत्रणाच बटण ताब्यात घेते हे वर आलंच. तेव्हा पुढच्या दाबांची सावली तरी पडेल याचा भरवसा नाही. शिवाय या घोषणा ऐकायला ॲप जिवंत असावं लागतं. बाकी काही घोषणांसाठी ॲपने आधी नाव नोंदवून झोपी जावं आणि यंत्रणेने हाक मारून उठवावं अशी सोय आहे, पडद्याच्या घोषणांसाठी ती नाही.

आणि जागं राहणं हेच वर्षागणिक कठीण होत गेलं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ ने टेबलावर निपचित पडलेल्या फोनमधली ॲपं गाढ झोपवली. २०१७ च्या अँड्रॉइड ८ ने सांगितलं, पडद्यामागे निवांत राबायचं नाही. राबायचंच असेल तर वरच्या पट्टीत कायम दिसणारी सूचना लावा, तीही सुरू झाल्यापासून पाच सेकंदांत. २०१९ च्या अँड्रॉइड १० ने मागे असलेल्या ॲपला स्वतःहून पडद्यावर उडी मारायला बंदी केली. २०२१ च्या अँड्रॉइड १२ ने मागच्या मागे अशी सेवा सुरू करायलाच, मोजके अपवाद सोडून, मनाई केली. २०२३ च्या अँड्रॉइड १४ ने प्रत्येक सेवेला आपलं काम कोणत्या प्रकारचं ते लिहून द्यायला लावलं, आणि बाजूला ठेवलेल्या ॲपला मिळणाऱ्या घोषणा साठवून उशिरा देण्याची मुभा घेतली. मदतीच्या हाकेला उशीर परवडत नाही.

आमच्या आळीतल्या काही जणींसाठी मी असं एक छोटं ॲप लिहिलं होतं. तीनदा बटण दाबलं की घरच्यांना ठिकाणासकट निरोप जायचा. माझ्या फोनवर ते महिनोन्‌महिने चाललं. शेजारच्या काकूंच्या स्वस्तातल्या फोनवर मात्र रोज रात्री मरायचं.

"काकू, फोन बंद केला होता का?"

"नाही रे. झोपताना ते सगळं उघडलेलं साफ करते तेवढंच."

अलीकडे उघडलेल्या ॲपांची यादी पुसणं ही काकूंची स्वच्छता. त्या फोनच्या कंपनीने मात्र त्या पुसण्याचा अर्थ 'कायमचं थांबवा' असा लावला होता. असं थांबवलेलं ॲप माणूस स्वतः पुन्हा उघडेपर्यंत कोणतीही घोषणा ऐकत नाही. बॅटरी वाचवणाऱ्या यादीतून वगळा, आपोआप सुरू होण्याची परवानगी द्या, सूचना पुसू नका, असे चार उपाय मी काकूंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे फोनवाल्यांनीच का नाही करून दिलं?"

यावर मी बराच विचार केला आहे. आमच्या धंद्यात पडद्यामागच्या मर्यादांबद्दल कुरकुर फार होते. पळवाटाही पुष्कळ आहेत. अपंगांसाठीच्या सुलभता सेवेचा आधार घेऊन बटणं ऐकायची. गाणं वाजतंय असं भासवून आवाजाची बटणं पडदा मिटल्यावरही आपल्याकडे वळवायची. या युक्त्यांत बुद्धी आहे. पण ज्या युक्तीने एखाद्या मुलीचं ॲप रात्रभर तिच्या खिशात जागं राहतं, त्याच युक्तीने संशयी नवऱ्याने तिच्या फोनमध्ये टाकलेलं पाळत ठेवणारं ॲपही जागं राहतं. दोघांना बटण ऐकू हवं, ठिकाण हवं, आणि शक्यतो दिसायला नको. बाहेरून यंत्रणेला त्यांच्यात फरक करता येत नाही. वरच्या पट्टीतली ती सूचना कितीही खुपली तरी फोनच्या मालकिणीला ती एवढं तरी सांगते, की इथे कोणीतरी जागं आहे. म्हणून मी तिच्या बाजूचा आहे.

ॲपलने तर ही कवाडं पहिल्यापासून लावून घेतली. २०१० मध्ये 'कॅमेरा प्लस' या ॲपने आवाजाच्या बटणाने फोटो काढायची सोय आत दडवून ठेवली, तेव्हा ते ॲपलच्या ॲप स्टोअरमधून काढलं गेलं. पुढच्याच वर्षी आयओएस ५ मध्ये ॲपलच्या स्वतःच्या कॅमेऱ्याला तीच सोय आली. सोय चांगली होती, यावर दोघांचं एकमत होतं म्हणायचं; वाद बटण कोणाचं यावर होता.

तोच प्रश्न आपल्या नियमापाशी परत आणतो, आणि २०१६ चा तो मजकूर मला मोठा वाटतो तो इथे. त्याने काम ॲपला सांगितलं नाही, फोन बनवणाऱ्याला सांगितलं. फोन विकायचा तर ही सोय आतच हवी. २६ क्रमांकाचा दाब ज्याला खरोखर ऐकू येतो, त्याच्याच गळ्यात जबाबदारी घातली. यंत्रणेच्या आतल्या मोजणाऱ्याला सूचना लावावी लागत नाही, कोणी त्याला यादीतून पुसू शकत नाही, त्याला कसली परवानगी लागत नाही, त्याच्याकडे घोषणा उशिरा येत नाही. काकूंनी जे विचारलं त्याचं उत्तर नियमात आधीच होतं.

हाकेला ओ देणारी बाजू नंतर उभी राहिली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ११२ या एकाच क्रमांकाची शिफारस २०१५ मध्ये केली होती. निर्भया निधीतून उभी राहिलेली ही सेवा नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्वांत आधी हिमाचल प्रदेशात सुरू झाली, आणि महाराष्ट्रात ती आज पोलिसांच्या 'डायल ११२' या नावाने चालते. सरकारचं '११२ इंडिया' हे ॲपही आहे. त्यातली 'शाउट' ही सोय स्त्रिया आणि मुलांसाठी जवळपासच्या नोंदणीकृत स्वयंसेवकांनाही वर्दी देते, आणि हे काम ॲपनेच करण्याजोगं आहे. कोणाला कळवायचं, काय कळवायचं, नंतर चौकशी कोणी करायची, हे ॲपने सांभाळावं. बटण ऐकण्याचं काम फोनचं.

एक उणीव मात्र राहून गेली. कंपन्यांनी ही सोय सेटिंगमध्ये वेगवेगळ्या नावांनी ठेवली; कुठे 'सेफ्टी अँड इमर्जन्सी', कुठे 'एसओएस'. कुठे तीन दाब, कुठे पाच, कुठे ती आधी चालू करावी लागते. रचना चांगली, पण तिच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता घरोघर वेगळा.

तेव्हा वाचकांना एक विनंती. घरातले सगळे फोन आज रात्री एकत्र घ्या. आईचा, मुलीचा, कामाला येणाऱ्या मावशींचाही. सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी' शोधा, सोय चालू आहे का बघा, किती दाबांवर आहे ते पाहून प्रत्येकीला सांगा, घरच्यांचे क्रमांक त्यात भरा. उगाच करून बघायला ११२ लावू नका. त्या वेळी दुसरीकडून कोणाचा तरी खरा फोन येत असतो.